रोमन प्रांतिक नाणी: लेख वाचायचा कसा, शहर निवडायचं कसं, आणि कडेचा हिरवा भुगा

देनारियस_ते_द्राख्मा (धागाकर्ता)

रोमच्या टांकसाळीतली शाही नाणी आणि त्यांवरचे लॅटिन लेख यांची ओळख आहे. आता प्रांतिक नाण्यांकडे, म्हणजे प्रांतांतल्या शहरांनी स्वतः पाडलेल्या नाण्यांकडे वळायचंय. पण पाचशेहून जास्त शहरं, शिवाय बहुतेक लेख ग्रीक, त्यामुळे कुठून धरावं हेच कळत नाही. जाणकारांनी मदत करावी.

हातात असलेलं एक नाणं असं आहे: ब्राँझ, व्यास २७ मिमी, वजन ११.८२ ग्रॅम. पुढच्या बाजूला दोन चेहरे समोरासमोर. डावीकडचा तरुण आहे, त्याला दाढी नाही. उजवीकडच्याच्या डोक्यावर टोपलीसारखं काहीतरी आहे. मागच्या बाजूला उभी स्त्री, हातात तराजू. मोकळ्या जागेत गोलसर ई. कडेचा लेख अर्धाच उठलाय. जी अक्षरं दिसतात ती इंग्रजीच्या नजरेने सांगायची तर अशी: एम, एच, एन, ओ, मग उभी रेघ मारलेला गोल, आय, उलटा व्ही, ओ, व्ही. पुढे एम, ए, पी, के आणि मग घासलेलं.

दोन्ही बाजूंना बरोबर मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा आहे. कुणी भोक पाडायला गेलं होतं का?

आणि एका वेगळ्या ब्राँझ नाण्याच्या कडेला फिकट हिरवा भुगा दिसतोय. पुसला की जातो, पण पुन्हा येतो.

---

ठसा_आणि_चकती

आधी नाणं ओळखू. इंग्रजी नजरेने वाचलं की ग्रीक लेख फसवतो. पाच-सहा अक्षरांचीच अडचण असते. पीसारखं दिसतं ते 'र', एचसारखं ते 'ए', उलटा व्ही म्हणजे 'ल', रेघ मारलेला गोल म्हणजे 'फ', सीसारखी चंद्रकोर म्हणजे 'स', आणि खालून गोलसर डब्ल्यू म्हणजे दीर्घ 'ओ'. ओ आणि व्ही जोडीने आले की 'ऊ'. तुमची अक्षरं या हिशेबाने लावा: 'मेनोफिलू', म्हणजे 'मेनोफिलोसच्या'. त्याच्या आधी बहुतेक 'उप' ही दोन अक्षरं असतील, म्हणजे 'याच्या कारकिर्दीत'. पुढचं 'मार्क...' हे 'मार्कियानोपोलितोन', म्हणजे 'मार्कियानोपोलिसच्या लोकांचं'. शहराचं नाव जवळपास नेहमी असंच षष्ठी बहुवचनात येतं. म्हणून लेखाच्या शेवटचं 'ओन' सापडलं की त्याच्या मागे शहर शोधायचं.

मार्कियानोपोलिस हे मोएसिया इन्फेरियर प्रांतातलं शहर, आजच्या बल्गेरियातलं देव्न्या. तुल्लियुस मेनोफिलुस हा तिथला गॉर्डियन तिसऱ्याच्या काळातला सुभेदार. म्हणजे डावीकडचा बिनदाढीचा पोरसवदा चेहरा गॉर्डियनचा (राज्यकाळ इ.स. २३८ ते २४४). उजवीकडचा देव सेरापिस असणार, कारण ती टोपली म्हणजे धान्य मोजायचं माप आहे. भिंगाखाली दाढी दिसते का पाहा. हे तपासायला सांगतोय कारण याच शहराने गॉर्डियनसमोर त्याची राणी त्रांक्विलिना दाखवणारी नाणीही पाडलीत. तिच्या डोक्यावर अर्धचंद्राकृती मुकुट असतो आणि त्या नाण्यांवर तेर्तुल्लियानुस या सुभेदाराचं नाव येतं. सुभेदाराचं नाव वाचता आलं की अर्धा वाद मिटतो.

गोलसर ई म्हणजे पाच: हे पाच अस्सारियांचं नाणं (अस्सारिया हे ब्राँझ नाण्याचं एकक). २६ ते २८ मिमी आणि ११-१२ ग्रॅमच्या आसपासचं वजन या मूल्याला बरोबर बसतं. तराजूवालीच्या पायाशी चाक असेल तर नेमेसिस, म्हणजे दैवी शिक्षेची देवता म्हणा. चाक नसून दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर न्यायदेवता दिकायोसिने.

मधला खड्डा दोष नाही. ठसा मारण्याआधी चकती तयार करतानाची ती खूण आहे. बाल्कन आणि आशिया मायनरच्या मोठ्या ब्राँझ नाण्यांवर ती सर्रास दिसते. खड्डा दोन्ही बाजूंना, बरोबर मध्यावर, उथळ आणि गोल तळाचा असेल तर निश्चिंत राहा. भोक पाडायच्या प्रयत्नात खड्ड्याची कड वर उचललेली असते आणि आतल्या धातूचा रंग बाकीच्या थरापेक्षा वेगळा दिसतो.

एका सापळ्याची आधीच कल्पना देतो. 'मार्क. आउर. आन्तोनीनोस' एवढंच वाचता आलं तर घाईने नाव ठरवू नका. मार्कुस ऑरेलियुस, काराकाला आणि एलागाबालुस, तिघांचेही लेख असेच असतात. चेहरा झिजलेला असेल तर मागची बाजू निर्णय देते. मार्कियानोपोलिसच्याच नाण्यावर सुभेदार किंतिलियानुस असेल तर काराकाला, सेलेउकुस असेल तर एलागाबालुस. जुन्या पाकिटांवर या दोघांची अदलाबदल इतकी झालेली असते की पाकिटावरच्या नावावर विसंबूच नये.

---

आर्गायोस

वरच्या ओळखीशी सहमत. आता 'कुठून धरावं' याबद्दल.

सम्राटांची मालिका पूर्ण करायची सवय शाही नाण्यांतून येते. ती इथे आणली की पैसा आणि डोकं दोन्ही विखुरतं. एक शहर किंवा एकच प्रदेश धरा आणि किमान वर्षभर त्याला चिकटून राहा. वीस नाणी एकाच शहराची असली की ठसे, सुभेदार, वजनाची घसरण, देवळं, सगळं आपोआप बोलायला लागतं. वीस नाणी वीस शहरांची असली की प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात.

सुरुवातीला सोपे पडतील असे तीन पर्याय आहेत.

पहिला विमिनाकियुम, आजच्या सर्बियातलं. ही रोमन वसाहत असल्यामुळे लेख लॅटिन आहे, म्हणजे तुम्हाला ग्रीकची अडचणच नाही. मागच्या बाजूला मोएसियाची मूर्ती, एकीकडे बैल, दुसरीकडे सिंह. बैल सातव्या क्लाउदिया लीजनचा (लीजन म्हणजे रोमन सैन्याची तुकडी) आणि सिंह चौथ्या फ्लाविया लीजनचा. खाली 'आन' आणि रोमन आकडा असतो. ते शहराचं स्वतःचं वर्ष, इ.स. २३९ पासून मोजलेलं. नाणी भरपूर मिळतात आणि वर्षांची मालिका लावण्यात खरा आनंद आहे.

दुसरा आलेक्सांद्रिया. इथे जवळपास प्रत्येक नाण्यावर राज्यवर्ष असतं: एलसारखं चिन्ह, आणि त्यापुढे ग्रीक अक्षरांतला आकडा. आल्फा १, बीटा २ असं करत आयोटा १०. सहासाठी मात्र नेहमीच्या वर्णमालेत नसलेलं वेगळं चिन्ह वापरतात. नवव्या वर्षाला थीटा न वापरता कित्येकदा 'एनातू' असा पूर्ण शब्दच लिहिलेला सापडतो. तो पाहून गोंधळू नका. इजिप्तचं वर्ष २९ ऑगस्टला सुरू होतं आणि सम्राट गादीवर आल्यापासून पुढच्या २८ ऑगस्टपर्यंतचा तुकडा, कितीही छोटा असो, 'पहिलं वर्ष' धरतात. हाद्रियन ११ ऑगस्ट ११७ ला सम्राट झाला, म्हणजे त्याचं पहिलं वर्ष अवघ्या अठरा दिवसांत संपलं. सरळ गादीच्या तारखेत वर्षं मिळवत गेलं की एक वर्षाची चूक होते ती इथेच.

तिसरा कप्पादोकियातलं कैसारेया. आर्गायोस पर्वत, म्हणजे आजचा एर्जियेस, त्याच्या प्रत्येक खोबणीसह नाण्यावर येतो. चांदी आणि ब्राँझ दोन्ही मिळतात आणि बऱ्याच नाण्यांवर राज्यवर्ष असतं. माझा कल अर्थातच इकडे आहे.

अंतिओखियाचा मोह पडेल, पण शहराचं नाव नीट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओरोन्तेसकाठचं अंतिओखिया वेगळं, पिसिदियाचं वेगळं, मेआंदरकाठचं वेगळं. निकोपोलिसचंही तेच. म्हणून तर मोएसियातल्या निकोपोलिसच्या नाण्यांवर 'प्रोस इस्त्रोन', म्हणजे इस्त्रोस ऊर्फ डॅन्यूबजवळचं, असं लिहिलेलं असतं.

पुढे कधी सम्राटाचा चेहरा नसलेलं नाणं हाती आलं तर ते रोमपूर्व काळातलं समजू नका. 'हिएरा सिंक्लेतोस' (पवित्र सिनेट), 'देमोस' (जनता) किंवा 'बूले' (नगरसभा) असा लेख आणि त्याचा मूर्तिमंत चेहरा असलेली कितीतरी नाणी रोमन काळातलीच आहेत.

ओळख पक्की करण्यासाठी 'रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज' या प्रकल्पाची ऑनलाइन सूची मोफत आहे. शहर, सम्राट आणि मागच्या बाजूचं चित्र टाकून शोधा. त्याची खंडवार विभागणी काळाप्रमाणे आहे: पहिला खंड इ.स.पू. ४४ ते इ.स. ६९, गॉर्डियन तिसरा सातव्यात. जुळणारं नाणं सापडलं की लगेच थांबू नका. तुमचं वजन आणि व्यास तिथल्या नमुन्यांच्या पल्ल्यात बसतो का तेही बघा.

---

ताम्रमल

कडेच्या भुग्याबद्दल लिहितो, कारण ते नाणं थांबणार नाही.

आधी तो ब्राँझ डिसीज आहे की साधा हिरवा थर, हे ठरवा. लाकडी टूथपिकने टोचा. चांगला थर कठीण आणि तुकतुकीत असतो, टोक घसरतं. रोग असेल तर पिठासारखी फिकट हिरवी पूड उडते आणि खाली खड्डा सापडतो. तरीही शंका राहिली तर झाकणाच्या डबीत ओला कापूस ठेवा, नाणं त्याला न टेकवता बाजूला ठेवा आणि दोन दिवसांनी भिंगाखाली पाहा. नवे फिकट ठिपके आले असतील तर रोग जिवंत आहे.

कारण असं: जमिनीतलं क्लोराइड तांब्याशी जुळून थराखाली दडून बसतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते ताजं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड तयार होतं आणि चक्र चालू राहतं. म्हणून नुसतं पुसून उपयोग नाही आणि तेल चोळूनही नाही. तेलाखाली ते सुखाने वाढतं.

उपाय वेळखाऊ आहे. नाणं इतरांपासून वेगळं करा. भिंगाखाली टूथपिकने सगळी पूड काढा, खड्ड्याच्या तळापर्यंत. मग सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं ५ टक्के द्रावण करा: एक लिटर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात ५० ग्रॅम. तयार पूड नसेल तर निर्जल सोडियम कार्बोनेट २३.५ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १८.५ ग्रॅम एकत्र करून तेच मिळतं. धुण्याचा सोडा स्फटिकरूप असेल तर त्यातलं पाणी धरून २३.५ ऐवजी ६३ ग्रॅम घ्यावा लागतो. इथेच लोक चुकतात आणि द्रावण बरंच कमकुवत होतं. एका नाण्याला १०० मिली पुरे. काचेची बरणी, झाकण, आणि दर आठवड्याला नवं द्रावण. काही आठवडे ते काही महिने, असं धरून चला.

थांबायचं कधी, याची परीक्षा आहे. द्रावणाचे काही थेंब वेगळे काढून आधी सौम्य नायट्रिक आम्लाने बुडबुडे थांबेपर्यंत आम्लधर्मी करा, मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढुरकं गढूळ झालं तर क्लोराइड अजून निघतंय. आम्ल न टाकता परीक्षा केली तर कार्बोनेटमुळेच पांढरा साका बसतो आणि माणूस उगाच महिनोन्महिने भिजवत राहतो. ही परीक्षा हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.

परीक्षा स्वच्छ आली की चार-पाच दिवस रोज बदललेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा. मग ॲसिटोनमध्ये बुडवून पाणी घालवा (खिडकी उघडी, जवळ ज्योत नको) आणि दिव्याच्या उबेत पूर्ण कोरडं करा. जुन्या वस्तू जतन करणाऱ्या प्रयोगशाळांत यानंतर बेन्झोट्रायाझोलचं ३ टक्के अल्कोहोलमधलं द्रावण वापरतात. ते विषारी आहे. नायट्राइल मोजे आणि वाहती हवा नसेल तर हा टप्पा सोडून द्या आणि शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या.

या द्रावणाने थराचा रंग थोडा बदलू शकतो, निळसर छटा येते. म्हणून निरोगी नाणं 'खबरदारी म्हणून' यात टाकू नका. व्हिनेगर, लिंबू, धातू चकाकवायची पेस्ट, बॅटरी लावून इलेक्ट्रोलिसिस, हे तर नकोच. थर हीच नाण्याची कातडी आहे. कित्येक प्रांतिक नाण्यांवर अक्षरं त्या थरातच उरलेली असतात, खालच्या धातूत नाहीत. थर गेला की लेखही गेला.

ठेवायची जागा कोरडी हवी, सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. मऊ पीव्हीसीची पाकिटं फेकून द्या. त्यांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा थर धरतो. पॉलिएस्टरची कडक पाकिटं किंवा आम्लरहित कागद चालेल. लाकडी कप्पे हवे असतील तर महोगनी. ओक नको, त्यातून आम्लाच्या वाफा येतात.

---

देनारियस_ते_द्राख्मा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. उजवीकडच्या चेहऱ्याला दाढी आहे, म्हणजे सेरापिसच. पायाशी चाक नाही, डाव्या हातात शिंग आहे. भुग्याच्या नाण्यात टूथपिक रुतली, खाली खड्डा निघाला. आजच वेगळं काढलं.

अजून दोन शंका. एक आलेक्सांद्रियाचं नाणं पाहण्यात आलंय: २५ मिमी, १२.९ ग्रॅम, किरणांचा मुकुट घातलेला जाड मानेचा चेहरा, मागे हत्तीच्या कातड्याचं शिरस्त्राण घातलेला स्त्रीचा चेहरा. एलच्या चिन्हापुढे आय आणि बी. यावरही थोडं हिरवं आहे. याला तेच द्रावण चालेल का? आणि प्रांतिक नाण्यांत खोटी ओळखायची कशी?

---

ठसा_आणि_चकती

हे नीरोचं टेट्राद्राख्मा, म्हणजे चार द्राख्मांचं नाणं. मागे आलेक्सांद्रिया नगरीचाच चेहरा. आयोटा १० आणि बीटा २, म्हणजे बारावं वर्ष: २९ ऑगस्ट ६५ ते २८ ऑगस्ट ६६. नीरो ऑक्टोबर ५४ मध्ये गादीवर आला, तेव्हा 'आर्गायोस' यांचा हिशेब इथे लावून पाहा, बरोबर उतरतो. नाणं धरून आडव्या अक्षावर नाही तर उभ्या अक्षावर फिरवा. आलेक्सांद्रियाच्या नाण्यांत दोन्ही बाजूंची डोकी बहुधा एकाच दिशेला, म्हणजे १२ वाजता येतात. ही दिशा वजन-व्यासासोबत नेहमी नोंदवा.

द्रावण यासाठी नको. ही मिश्र चांदी आहे आणि त्यात तांबंच जास्त. हिरवं कठीण असेल तर ऊर्ध्वपातित पाणी, मग ॲसिटोन, आणि हात थांबवा.

---

कड_आणि_कोर

खोट्या नाण्यांपेक्षा प्रांतिक ब्राँझमध्ये मोठी डोकेदुखी म्हणजे खऱ्या नाण्यावर केलेलं कोरीवकाम. झिजलेल्या मोठ्या ब्राँझवर सुई-छिन्नीने केस, दाढी, देवळाचे खांब पुन्हा खोदतात. अडाणी काम दिसतंच, चांगलं काम दिसत नाही. म्हणून एक नियम धरा: झीज सगळीकडे एकसारखी असली पाहिजे. गाल आणि खांदा घासून सपाट, अक्षरं बोथट, पण केसांच्या रेघा मात्र धारदार, असं कधी होत नाही. झिजेत केस आधी जातात. मोकळ्या जागेकडे तिरक्या उजेडात पाहा. समांतर बारीक ओरखडे आणि अक्षरांभोवती खणल्यासारखी खाच दिसली तर पृष्ठभाग तासलाय. लेखातही ढवळाढवळ होते. साध्या सम्राटाचं नाव दुर्मिळ सम्राटाचं करण्यासाठी दोन-तीन अक्षरं बदललेली असतात. सूचीत त्याच ठशाचं दुसरं नाणं शोधून अक्षराला अक्षर लावा. ठसा एक असेल तर अक्षरांची जागा आणि तिरपेपणा हुबेहूब जुळतो. बदललेलं अक्षर तिथेच पकडलं जातं.

रंगवलेला थर ॲसिटोनने उघडा पडतो. कापसाची काडी भिजवून कडेवर घासा. खऱ्या थराला ॲसिटोन काही करत नाही. वाळवंटी माती भरल्यासारखं दिसणारं नाणं असेल तर हे आधी करा. मूर्ती उठून दिसावी म्हणून वाळू डिंकाने चिकटवलेली असते.

ओतीव नकलेत कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासून घालवल्याच्या खुणा, पृष्ठभागावर गोल तळाची बारीक छिद्रं, आणि साबणासारखी गोळामोळा झालेली अक्षरं असतात. वजन बहुधा कमी भरतं, पण फक्त वजनावर निकाल देऊ नका, कारण अस्सल प्रांतिक ब्राँझचं वजनही बरंच खालीवर असतं. दोन नाण्यांची बाह्यरेषा, तडा आणि खड्डे तंतोतंत एकच असतील तर दोन्ही संशयित. उलट पुढच्या बाजूचा ठसा दोन वेगळ्या शहरांच्या नाण्यांवर सारखा सापडला तर घाबरू नका. आशिया मायनरमध्ये एकच कारखाना अनेक शहरांसाठी ठसे पुरवायचा, हे नाणेअभ्यासक कोनराड क्राफ्ट यांनी १९७२ मध्ये मांडलं आणि आजही ठसे जुळवताना ते कामी येतं.

नाण्यावर नंतर मारलेला छोटा प्रतिठसा (गोलात अक्षर, डोकं, गरुड) हे नुकसान नव्हे. त्या काळी नाणं पुन्हा चलनात आणताना किंवा मूल्य ठरवताना तो मारत. तो अस्सल असेल तर त्याच्या बरोबर मागच्या जागी पृष्ठभाग दबून सपाट झालेला असतो. तो सपाटपणा नसेल तर प्रतिठशावरच शंका घ्या.

'जमिनीतून काढलेली, न धुतलेली' अशी ढिगाने मिळणारी नाणी टाळा. ती कुठून आली याचा कागद नसतो. तुर्कस्तानात १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने अशा वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. अमेरिकेने सायप्रसच्या नाण्यांवर २००७ पासून आणि बल्गेरियाच्या नाण्यांवर २०१४ पासून आयातीचे निर्बंध घातले. युरोपीय संघाचा सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीचा २०१९/८८० हा नियम २८ जून २०२५ पासून पूर्ण लागू आहे. तुमचं मार्कियानोपोलिसचं नाणं बल्गेरियाच्या भूमीतलं, तेव्हा हे तुम्हाला थेट लागू होऊ शकतं. जुन्या लिलावाची पावती, विक्रीच्या पानाची प्रत, आधीच्या संग्राहकाचं हाताने लिहिलेलं पाकीट, काहीही टाकू नका. नाणं नव्या पाकिटात घातलं तरी जुनं पाकीट मागे ठेवा.

---

देनारियस_ते_द्राख्मा (धागाकर्ता)

मार्कियानोपोलिसच धरतोय. आजची पहिली नोंद अशी केली, चुकलं असेल तर सांगा: मार्कियानोपोलिस, गॉर्डियन तिसरा आणि सेरापिस, सुभेदार मेनोफिलुस, पाच अस्सारिया, दिकायोसिने तराजू आणि शिंगासह, २७ मिमी, ११.८२ ग्रॅम, दिशा १ वाजता.

---

ठसा_आणि_चकती

नोंद बरोबर. दोन गोष्टी वाढवा: लेखाची जितकी अक्षरं स्वतः वाचली तितकीच लिहा, सूचीतून भरलेली चौकटी कंसात टाका. आणि पुढच्या लेखाच्या शेवटी 'आउग' आहे का पाहा. आशियातल्या शहरांत तिथे 'सेबास्तोस', म्हणजे 'आउगुस्तुस'चा ग्रीक प्रतिशब्द येतो. मोएसियात मात्र लॅटिन 'आउगुस्तुस'च ग्रीक अक्षरांत लिहायची चाल होती, आणि झिजलेल्या नाण्याचा प्रदेश ठरवायला ती तीन अक्षरं पुष्कळदा पुरतात.